बहात्तर दातांचं चक्र

१८ डिसेंबर २०२४, बुधवार

ला—भ!

आज पहाटे हाच सूर कानात घेऊन जाग आली. अमळनेरच्या बाजारात बापू ज्वारी मोजायचे. पत्र्याचं माप राशीत शिरल्याचा 'खर्र', वरून हात फिरवल्याचा 'सुईं', पोत्यात पडल्याचा 'धप्प' — आणि मग बापूंचा लांबवलेला सूर, ला—भ. पहिलं माप देवाच्या नावाचं. ते मोजणीत नाही, गिऱ्हाइकाला वरचं. दुसऱ्या मापाला 'एक'. मी सहा-सात वर्षांचा, रिकाम्या पोत्यांवर बसलेला. गुरुजीसुद्धा कवितेचा पहिला शब्द असाच लांबवायचे. मला वाटायचं, गुरुजीही मापच घालतायत — फक्त ज्वारी दिसत नाही.

पुष्पा म्हणाली, "कसाले हसी ऱ्हायनात सकाय सकाय?" सांगितलं नाही. बापूंचा आवाज त्यांच्या सुनेला काय सांगणार!

कामाचं लिहू. गल्लीच्या टोकाच्या बालवाडीतल्या दिपालीबाईंनी दहा लाकडी ट्रॅक्टर मागितले आहेत. प्लॅस्टिकचे आठ दिवसांत मोडतात म्हणे. सव्वीस जानेवारीला मुलांच्या हातात पडले पाहिजेत. मी शब्द देऊन बसलो. ट्रॅक्टरचं मागचं चाक म्हणजे त्यावर तिरक्या खाचा हव्यातच, नाहीतर तो ट्रॅक्टर कसला, हातगाडी! वीस मागची चाकं, प्रत्येकाला चोवीस खाचा. सगळ्या सारख्या अंतरावर. हातानं आखून होणार नाही. साचा करावा लागेल.

चक्र माझ्याकडे आहे. लूमचं, बिडाचं, बहात्तर दातांचं. कित्येक वर्षं माळ्यावर पुरावा म्हणून ठेवलंय. आता निदान मुलांच्या कामाला येईल.

२१ डिसेंबर, शनिवार

साचा झाला. एका आसाच्या एका टोकाला लूमचं चक्र, दुसऱ्या टोकाला लाकडाचं कोरं चाक. वरून खटका — एक दात सरकला की 'टक्' करून बसतो. तीन 'टक्' ऐकत तीन दात सरकवायचे, एक खाच कापायची. करवत इकडेतिकडे जाऊ नये म्हणून दोन तिरक्या पट्ट्या. तीन दातांना एक खाच, म्हणजे बहात्तर दातांत बरोबर चोवीस. बसतं! चाळीस वर्षं लूम जुळवले, एवढं जुळवता येणार नाही?

योगराज टेम्पो लावून वर आला, बघितलं, म्हणाला, "बाबा, लेझरवाल्याकडं दे ना. साडीच्या खोक्यांवर नक्षी काढतात तशी पाच मिनिटांत काढून देईल." म्हटलं, लेझर खाच कापत नाही, जाळते. मुलं चाक तोंडात घालणार, त्यांना जळकं लाकूड चाटवू का? "मग तोंडात घालतील असं चाक बनवूच नको," म्हणाला आणि जेवायला बसला. माझाच मुलगा.

२४ डिसेंबर, मंगळवार

दोन चाकं झाली. दोन्हींच्या खाचा एकाच बाजूला तिरक्या! उजवं-डावं उलट हवं हे कुणी सांगायला हवं होतं? मीच मला. करवतीच्या पट्ट्या सोडवून उलट्या बाजूनं तिरक्या पुन्हा ठोकल्या. अंगठा ठेचला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

चाकात खोट आहे.

दोन खाचांमधल्या तेवीस पट्ट्या अगदी सारख्या आणि शेवटची जाड. एक सूत जाड. डोळ्यांनी एकदम कळत नाही, पण फरशीवर सोडलं की कळतं — टकटकटकटक, ट-क. टकटकटकटक, ट-क. लंगडा माणूस गल्लीतून जावा तसं. वर्षा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, छान पळतंय की!" सूनबाईंना छान वाटतं. मला ऐकवत नाही. मी आयुष्यभर लूमच्या आवाजावरून रोग ओळखला. शंभर लूम चालू असताना एकाचा धोटा उशिरा येतोय हे खात्याच्या, म्हणजे लूमच्या कारखान्याच्या, दारातून सांगायचो.

गुरुजी असते तर छडी टेबलावर ठेवून म्हणाले असते, "रघुनाथ, एक मात्रा जास्त. पुन्हा म्हण." चाकावर दोन ओळी सुचल्या होत्या —

चाका चाका, सांग जरा रे
किती दूर ते गाव

— पुढची सुचेना. ती सुचली तरी लंगडीच निघेल आता.

३० डिसेंबर, सोमवार

आस ढिला असेल म्हणून आस बदलला. ट-क.
खटक्याची स्प्रिंग कमजोर म्हणून दुसरी घातली. ट-क.
आंब्याचं लाकूड फुगतं म्हणून सागाचा तुकडा आणला. सागाचंही ट-क.

वर्षा मधेच "बाबा, कोवळ्या ज्वारीचा पोंक खाणार का?" म्हणून विचारते, तिथेच तीन 'टक्' ऐकायला चुकत असेन म्हणून दार लावून बसलो. पुष्पा बाहेरून, "मझार काय सोनं गाळी ऱ्हायनात का?" दार लावूनही ट-क.

सहा चाकं वाया. दिपालीबाई येऊन गेल्या. एक चाक हातात घेऊन म्हणतात, "काका, मुलांना एवढं काही कळत नाही हो. फिरलं म्हणजे झालं." असं कसं झालं? मुलांनाच तर कळतं. चौथीत कवितेत एक अक्षर चुकलं तर सगळा वर्ग हसायचा, मोठी माणसं टाळ्या वाजवायची.

धुडकू असता तर एका नजरेत सांगितलं असतं कुठे चुकतंय. असो. त्याचं नाव कशाला काढू!

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नाव काढलंच आहे तर लिहूनच टाकतो. नाहीतर रात्रंदिवस डोक्यात घोळत राहील.

धुडकू म्हणजे आमच्या खात्याचा सुतार. माझ्याच वयाचा, माझ्याच तालुक्याचा. मी लूम जुळवणारा, तो लूमचं लाकूडकाम बघणारा. एका डब्यात जेवलो वीस वर्षं. मी जेवताना कविता म्हणायचो, तो म्हणायचा, "भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी, तुन्हं गाणं नंतर."

सोळा वर्षांपूर्वी, आमच्या रंजनाच्या लग्नाच्या वर्षी, शेठनं कुठूनसे बारा जुने लूम घेतले. अकरांचं एकेक चक्र गायब, एका लूमवर तेवढं शाबूत. लूमच्या चक्रावर दातांचा आकडा ठोकलेला असतो, यावर नव्हता. शेठ म्हणाला, मोजा आणि अकरा ओतून घ्या. मी चालू लूम थांबवून मोजलं — बहात्तर. कागदावर घेर आणि आकडा लिहून धुडकूला दिला. त्यानं त्या मापानं लाकडाचा नमुना कोरला, नमुन्यावरून ओतारीनं अकरा चक्रं ओतली. बसवली. आठ दिवसांत शेजारच्या चक्रात अडकून दात उडाले! अकराच्या अकरा लूम बंद.

शेठनं दोघांना उभं केलं. म्हणाला, ज्यानं चूक केली तो उद्यापासून येणार नाही. मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर लूमवरचं चक्र पुन्हा मोजलं — बहात्तर. मग धुडकूचा लाकडी नमुना मोजला — एकाहत्तर! मी म्हटलं, माझा आकडा बरोबर आहे, सुतारानं एक दात कमी कोरला. खोटं बोललो नव्हतो. जे मोजलं ते सांगितलं.

धुडकूनं माझ्याकडे एकदा बघितलं, नमुना काखेत घातला आणि गेला. बारडोलीला जाऊन राहिला. तासाभराचा रस्ता, पण मी गेलो नाही, तो आला नाही. चूक त्याची, राग मात्र त्यानं धरला! मनात सारखं यायचं, निदान 'चुकलो' तरी म्हणायचं होतं. पुढे ते लूम भंगारात गेले तेव्हा मी ते एक चक्र मागून घेतलं. कधी भेटला तर समोर ठेवून म्हणणार होतो, मोज.

आज सहज पुष्पाला म्हटलं, धुडकू असता तर साचा झाला असता. ती म्हणाली, "त्यासना गुडघा दुखतस. आते काय काम करतीन." हिला काय माहीत त्याचे गुडघे? विचारलं तर म्हणते, बारडोलीच्या बाया येतात जातात, कानावर पडतं.

कानावर पडतं म्हणे!

५ जानेवारी, रविवार

आज चक्रच मोजलं. शेवटची शंका. पहिल्या दातावर बोट ठेवलं, सावकाश, एकेक दात चाचपत, मोठ्यानं. बहात्तर. उलट्या बाजूनं मोजलं. बहात्तर. चक्र बरोबर आहे, आस बरोबर आहे, खटका बरोबर आहे, लाकूड बरोबर आहे, आणि चाक चूक आहे! एकाहत्तराव्या वर्षी माणसाला वेड लागायला एवढं पुरे.

योगराज जाता जाता म्हणाला, "जाड पट्टीवर निळा रंग मार. कंपनीचा मार्का वाटेल."

८ जानेवारी, बुधवार

जसं झालं तसंच लिहितो.

दुपारी पुष्पा संक्रांतीचे तिळाचे लाडू वळून परातीत मांडत होती. मी शेजारी. ती मोजत होती, "लाभ, दोन, तीन, चार..." मी म्हटलं, चुकलं. लाभनंतर एक येतं. ती म्हणाली, "लाभ म्हणजेच एक." मी म्हटलं, अगं, पहिलं माप देवाचं, ते मोजायचं नसतं, बापू कसे मोजायचे — लाभ, एक, दोन... तिनं हात थांबवला. पहिला लाडू उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली,

"मंग हाऊ लाडू काय लाडू नही शे का?"

वर्षा हसली. मी पण हसलो. लाडू खाल्ला. हात धुवायला उठलो आणि मोरीपाशी उभा राहिलो तो किती वेळ कोण जाणे.

चक्राच्या पहिल्या दातावर बोट ठेवून मी काय म्हणतो?

९ जानेवारी, गुरुवार

प्रत्येक दातावर खडूनं आकडा लिहिला. तोंड बंद ठेवून.

त्र्याहत्तर.

१० जानेवारी, शुक्रवार

काल पुढे लिहवलं नाही.

तोंडानं मोजलं की ओठ आधी 'ला—भ' करतात. मला कळतसुद्धा नाही. जन्मभर कळलं नाही. धागे मोजायला भिंग, वार मोजायला काटा, चक्रांवर आकडे ठोकलेले — तोंडानं मोजायची वेळ आली कधी? दोनदा आली. एकदा तेव्हा, एकदा आता. दोन्ही वेळा हेच चक्र.

त्र्याहत्तर दात. तीन-तीन सरकवून तेवीस पट्ट्या होतात आणि उरतात चार दात. म्हणून शेवटची जाड. चाकं पंधरा दिवस फरशीवर ओरडून सांगत होती. लूमचा रोग दारातून ओळखणारा मी!

आणि धुडकू. मी कागदावर बहात्तर लिहिलं, त्यानं बहात्तरच कोरले. अगदी बरोबर. तो नमुना मी माझ्या तोंडानं मोजला म्हणून एकाहत्तर भरला. लूमवरचं चक्र त्याच तोंडानं मोजलं म्हणून बहात्तर. दोन्हीकडे पहिला दात मी देवाला दिला. आणि माणसाला घरी बसवलं.

पुष्पाला सांगितलं. वाटलं, बोलेल. ती लाडवांचे डबे भरत राहिली. मग एवढंच, "जेवाले उठा आते." तिनं ताटात वाढलं ते जेवलो नाही.

बापूंवर राग काढावासा वाटतो. ते काय करणार? ते ज्वारी मोजत होते. ज्वारीच्या मापात एक वरचं दिलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

११ जानेवारी, शनिवार

तीन कागद फाडले. गुरुजींच्या वळणाचं अक्षर काढायला गेलो की मजकूर शाळेतल्या निबंधासारखा होतो. 'प्रिय मित्र धुडकू यास' — छे! शेवटी एवढंच लिहिलं:

'धुडकू, चक्र पाठवतो आहे. दातांवर खडूनं आकडे आहेत. तू बरोबर कोरलं होतंस. मी चुकीचं मोजलं. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर कबूलही सगळ्यांसमोरच करायला हवं. पण आता खातं नाही, शेठ नाही, कुणीच नाही. मग तुझ्या घरच्यांसमोर वाच. — रघुनाथ'

चक्र पोत्यात गुंडाळलं. योगराजचा टेम्पो सोमवारी कापडाच्या गाठी घेऊन बारडोलीला जातो. त्याला पत्ता सांगायला लागलो तर म्हणतो, "मला माहीत आहे घर." कसं काय माहीत? "आईनं एकदा पापड पाठवले होते."

या घरात मी सोडून सगळे बारडोलीला जाऊन आलेत की काय?

दिपालीबाईंना निरोप पाठवला, सव्वीस तारखेला जमणार नाही. साच्याला आता चक्रच नाही. त्र्याहत्तरला कशानंही भाग जात नाही. मी बसून भागून बघितलं, दोन, तीन, पाच, सात, सगळ्यांनी.

१३ जानेवारी, सोमवार

पोतं परत आलं. चिठ्ठीही.

योगराज म्हणाला, "कुलूप होतं बाबा. शेजारी म्हणाले, चार दिवसांपूर्वी गुडघे दाखवायला मुलाकडे नाशिकला गेलेत. कधी येतील माहीत नाही. शेजाऱ्यांकडे ठेवू का म्हटलं, पण एवढं जड लोखंड ते ठेवून घेईनात."

मी म्हटलं, फोन तरी लावायचा. म्हणाला, "तू लाव. नंबर आईकडे आहे."

लावला नाही. फोनवर काय बोलणार? सोळा वर्षांनी पहिल्यांदा बोलायचं आणि तेही 'हॅलो'पासून! पोतं पलंगाखाली सरकवलं. पुष्पा दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना, म्हणजे काहीतरी आहे. ती गच्चीवर गेली, फोन घेऊन. लाडू कुणाला कमी पडले की काय!

साचा मोडून टाकावा म्हणतो. लाकूड तरी कामाला येईल.

१५ जानेवारी, बुधवार

वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस. वर सगळ्या गच्च्यांवर पतंग कापल्याचा 'काय्पो छे'चा ओरडा, खाली दार वाजलं. दिपालीबाई असतील म्हणून उघडलं तर धुडकू! दोन्ही हातांत काठ्या. मागे त्याची बायको सुंदरा, जिन्यावरून येऊन धापा टाकत. आमच्या घरात पाहुणे आले की पहिली ओरडते ती पुष्पा, आज गप्प. वर्षानं तर चहा आधीच टाकलेला.

तो सरळ साच्यापाशी जाऊन बसला. खटका वाजवून बघितला, आस हलवून बघितला. मग सुंदराच्या पिशवीतून लाकडी नमुना काढला, काळा पडलेला, तेल पाजलेला, एक कण उडालेला नाही. आसाच्या भोकावर धरून बघितला. म्हणाला, "मोज."

मी बोट ठेवलं. ओठ वळायला लागले, तसे आवळले. म्हटलं — एक.

बहात्तरला दात संपले. मग तो म्हणाला, "तुन्हा लूमवरलं मी त्याच दिन मोजं व्हतं. त्र्याहत्तर."

म्हटलं, मग बोलला का नाहीस?

"मन्हा हातमा रंधा व्हता. कोठेबी भाकर मिळती. तुले लूमशिवाय काय येत व्हतं? कविता?" चहा बशीत ओतला. "आन् रंजनानं लगीन पंधरा दिवसवर. तुन्ही पोर, मन्हीच ना ती. मंग वाट देखी, तू कव्हय मोजस." घोट घेतला. "सोळा वरीस लागनात तुले, एक मोजाले."

जाताना टोपलीतलं एक लंगडं चाक पिशवीत टाकून घेऊन गेला. नमुना साच्यावर आहे.